डबा, डबा, डबा

रविवार, ३ एप्रिल

आपटलो! चारी मुंड्या चीत! तेही एका मुलीकडून, तेही अख्ख्या गावासमोर. आणि खरं सांगू? मजा आली!

काठी-चेंडू होता शाळेमागच्या मैदानात. पुरुषांच्या हातात काठ्या, बायकांचे हात मोकळे, मधे उंच खांब आणि खांबाच्या टोकाला लाकडी मासा. माशाला चेंडू मारायचा. पुरुषानं बाईला धक्का लावायचा नाही. बाईनं पुरुषाचं काहीही करावं — ओढावं, पाडावं, वर बसावं! हे नियम ज्यानं केले त्याला सासुरवास असणार.

चेंडू माझ्या काठीत होता. मासा समोर. नेम धरला आणि मागून कुणीतरी कमरेला मिठी मारून मला गवतात घातलं. वळून पाहतो तर शेल्बी किंगफिशर! पहिलीच्या वर्गाची बाई! गुडघ्यावर चिखल, केसांत गवत. म्हणाली, "लॅपटॉपवाल्या, उठ की! श्वास घे आधी."

घेतला नाही. अजून नीट घेत नाहीये.

सोमवार, ४ एप्रिल

कचेरी. भाषाखात्याच्या साहेबीण रोवीनाबाई म्हणाल्या, "वेलन, शाळेचे धडे मेअखेरीच्या आत पाहिजेत. टॅबलेटवर."

काम असं — जगातल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. नंबर नसेल तर यंत्राच्या लेखी ते अक्षर जन्मलंच नाही. आम्ही चेरोकी गोऱ्यांच्या आधीपासून इथले, पण आमच्या अक्षरांना नंबर मिळाले तेव्हा मी चड्डीत होतो. त्याआधी लोकांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षराचाच नंबर घेतला आणि त्याला वरून आमच्या अक्षराचा मुखवटा चढवला. ज्या यंत्रात मुखवटा आहे तिथं धडा झकास दिसतो. दुसऱ्या यंत्रात उघडा — मुखवटा गळून पडतो आणि खाली नुसती इंग्रजी कचकच! मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी.

म्हातारा होमर पंपकिन यानं असे धडे एका बोटानं टाइप केलेत. वर्षानुवर्षं! सगळे मुखवट्यातले. त्यांना खरे नंबर देणं हे माझं काम. मला प्रत्येक अक्षराचा नंबर तोंडपाठ आहे. फक्त अक्षरं जोडून जे होतं ते कळत नाही. म्हणजे आमची भाषा येत नाही हो! टल्सा शहरात वाढलो, इंग्रजीत भांडलो, इंग्रजीतच नापास झालो.

होमर म्हणतो, "तू पोस्टमन आहेस पोरा. घरं सगळी माहीत, आत कोण राहतं पत्ता नाही."

म्हातारा बोचरा आहे. पण त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. मी स्क्रीनवर अक्षर बदलतो, तो मोठ्यानं वाचून तपासतो. इथली रीतच ती — वाचून कानाला पटल्याशिवाय काही पुढं जात नाही. निदान जायला नको.

गुरुवार, ७ एप्रिल

शेल्बी कचेरीत आली. खडू नेला. मी आहे हे तिला दिसलं नाही. मी टेबल आहे.

शनिवार, ९ एप्रिल

दिसलो! चर्चच्या मागं रानकांदा-अंड्यांचं जेवण होतं. ताट घेऊन तिच्या शेजारी बसलो. आधी हवापाणी, मग शाळा, मग मी धीर करून म्हटलं, "पुढच्या शनिवारी ओढ्यावर येशील? झिंगे धरायला?"

ती म्हणाली, "तुझं कूळ कुठलं?"

"कॉलेज अर्धवट सोडलेल्यांचं."

हसली नाही. बाई गंभीर! "विनोद नको. आईचं कूळ कुठलं?"

"माहीत नाही. बापाचं चालेल का?"

"बापाचं कोण विचारतं!" असं म्हणून तिनं माझ्या ताटातलं अंडं उचललं. "मी रानबटाटा. तू कोण ते आईला विचारून ये. तोवर झिंगे तुझे तू धर."

रानबटाटा! आमच्यात सात कुळं. त्यांत लांडगा आहे, हरीण आहे, पक्षी आहे — आणि हिचं बटाटा! घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो. मग लक्षात आलं, की हिला मिळवायचं तर आईला फोन करावा लागेल. हसणं बंद.

रविवार, १० एप्रिल

करणार नाही फोन. मेलो तरी!

नोव्हेंबरमधलं भांडण अजून कानात आहे. कॉलेजात मास्तर म्हणाला, मेलेल्या लिप्यांवर प्रोजेक्ट कशाला करतोस, बाजारात चालेल असं काही कर. मी म्हटलं, मेलेली तुमची अक्कल. दार आपटून निघालो ते थेट बसस्टँड, तिथून हे गाव. आई फोनवर म्हणाली, "रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या त्या तुझ्या दार आपटण्यासाठी? पदवी हातात घेशील तेव्हाच फोन कर." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, बरं. संपलं.

दोघंही त्या 'बरं'वर बसून आहोत. ती माझी आई आहे, आधी उठणार नाही. मी तिचा मुलगा आहे.

बुधवार, १३ एप्रिल

मोठी बातमी! निदान माझ्यापुरती. आमच्या अक्षरांत आता लहान-मोठी असा भेद आलाय. मोठ्या अक्षरांची घरं आधीपासून एका आळीत. लहानांना गेल्या वर्षी जागा मिळाली ती पार गावाबाहेर, दुसऱ्याच टोकाला. पण मिळाली! वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान. काय देखणं दिसतं! एकदम पुस्तकासारखं.

होमरला दाखवलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "हे तेच अक्षर आहे."

"आजोबा, हे लहान आहे."

"आपल्या जुन्या बायबलातही पहिलं उंच आणि बाकीची बुटकी आहेत. पण अक्षर तेच. माझा कुत्रा खाली बसला म्हणून त्याला दुसरं नाव ठेवू?"

"यंत्राला उभा कुत्रा वेगळा आणि बसलेला कुत्रा वेगळा."

"मग यंत्र गाढव आहे."

म्हटलं, म्हाताऱ्यांना नवीन काही नकोच असतं. सगळे धडे उंच-बुटक्या अक्षरांत बदलायला घेतलेत. शेल्बीच्या वर्गात ही पुस्तकं उघडतील तेव्हा तिला कळेल, टेबलाच्या मागं कोण बसतं ते!

शनिवार, १६ एप्रिल

ओढ्यावर गेलो. एकटाच. झिंगे धरायला म्हणून — खोटं कशाला लिहू, ती येते का बघायला.

आली. एका आडदांडाबरोबर! ट्रेंट, गाव स्टिलवेल, दंड माझ्या मांडीएवढे, ट्रक लाल. ती त्याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडत होती आणि खिदळत होती. तिचं अर्धं पाऊल पाण्याला लागलं तरी किंचाळत होती. माझं डोकं फिरलं. तिला किनाऱ्यावर ठेवून तो वळला, आणि मी त्याला ढकललं. सरळ पाण्यात! टोपी वाहत गेली.

तो उठला. मला वाटलं, आता माझे दात पाडणार. तो ओरडला, "अरे गाढवा, मी पण बटाटा आहे!"

मला काही उमजेना. शेल्बी पोट धरून हसत होती. मग म्हणाली, "एका कुळाचे आहोत आम्ही! भाऊ आहे तो माझा."

"तुझं आडनाव किंगफिशर, ह्याचं भलतंच. भाऊ कसा?"

"आडनाव काही असू दे, गाव काही असू दे. कूळ एक म्हणजे भाऊ-बहीण. ह्याच्याकडं मी वाकड्या नजरेनं पाहिलं तर म्हाताऱ्या मला सोलून काढतील!"

"आणि मला उकडतील," ट्रेंट म्हणाला. माणूस चांगला निघाला. टोपी शोधायला मीच गेलो. नंतर तिघांनी झिंगे धरले. तिनं त्याला हाक मारली, त्यानं तिला मारली — दोघांचा शब्द तोच. बहिणीनं भावाला म्हणायचा आणि भावानं बहिणीला म्हणायचा शब्द आमच्यात एकच आहे. इतक्या दिवसांत ऐकून ऐकून शिकलेला माझा पहिला शब्द. चला, काहीतरी आलं!

कुळांचा विजय असो! ज्या रीतीनं त्या दंडवाल्याला कायमचा बाद केला, ती रीत ज्यानं काढली त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला तयार आहे.

मंगळवार, १९ एप्रिल

होमरला पटवलं. म्हटलं, "आजोबा, एक वाक्य द्या. मुलीला पाठवायचंय. आपल्या भाषेत."

त्यानं बराच वेळ छताकडं पाहिलं. मग सांगितलं. मी अर्थ विचारला.

"माझ्याकडे तोडलेलं लाकूड आहे."

"हे प्रेमपत्र झालं?"

"माझी बायको याच वाक्यावर आली. जानेवारी होता."

वाद घातला नाही. लॅपटॉपवर टाइप केलं — पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान, देखणं! — आणि शेल्बीच्या फोनवर पाठवून दिलं. होमरनं न मागता पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

उत्तर आलं: "हे काय? एक अक्षर, पुढे नुसते डबे."

तिचा फोन जुना आहे. भिकार! मास्तरणींना पगारच काय असतो.

शुक्रवार, २२ एप्रिल

धडे पूर्ण! रोवीनाबाई म्हणाल्या, "होमरनं वाचले?" मी म्हटलं, "माझ्या स्क्रीनवर वाचले." "शाळेच्या टॅबलेटवर उघडून बघितलेस?" म्हटलं, "हो."

नव्हते बघितले. काय गरज? माझ्या यंत्रावर तर सोन्यासारखे दिसत होते.

मंगळवार, २६ एप्रिल

मेलो.

सकाळी शेल्बीच्या वर्गात पहिल्यांदा टॅबलेट उघडले. मी मुद्दाम गेलो होतो, नवा शर्ट घालून. पोरं गालिच्यावर मांडी घालून. पालक आलेले, रोवीनाबाई आलेल्या, होमर खुर्चीवर. शेल्बी म्हणाली, "चला, पहिली ओळ."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग पुढचा एक दात पडलेला पोरगा उभा राहिला, पहिलं अक्षर खणखणीत वाचलं, आणि पुढं आमच्या भाषेत — "डबा, डबा, डबा, डबा!"

सगळा वर्ग! एका सुरात! बोट ठेवून ठेवून! "डबा, डबा, डबा!" एका पोरीनं तर पूर्णविरामापाशी श्वास घेतला. फार सुंदर वाचत होती.

टॅबलेटवर लहान अक्षरंच नव्हती. मोठं तेवढं दिसायचं, बाकी प्रत्येकाच्या जागी रिकामा चौकोन. ती गावाबाहेरची आळी त्या यंत्रांनी अजून पाहिलेलीच नाही. तिचा फोन भिकार नव्हता. भिकार कोण होतं ते उघड आहे.

होमर उठला, टॅबलेट जवळ नेला, लांब नेला. म्हणाला, "वीस वर्षं टाइप केलं. इतके डबे कधी लिहिले होते मी?" आणि हसला. पण चष्मा काढून खिशात ठेवून दिला त्यानं. ते मी पाहिलं. ते हसण्यावारी नेता येईना.

रोवीनाबाई बाहेर म्हणाल्या, "मला 'हो' म्हणालास."

मी दार आपटणार होतो. हात कडीवर होता. बसस्टँड दिसत होता डोळ्यांपुढं. तेवढ्यात आतून पुन्हा "डबा, डबा" ऐकू आलं आणि कडी सोडली. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत नीट करून देतो." त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक टॅबलेटवर होमरच्या तोंडून ऐकून."

शर्ट उगाच घातला.

गुरुवार, २८ एप्रिल

सगळी अक्षरं परत उंच केली. ते काम सोपं आहे, यंत्र एका झटक्यात करतं. मग होमर वाचतो. टॅबलेट घेऊन, एक एक धडा, मोठ्यानं. त्याला वेळ लागतो. मधे मधे थांबून गोष्ट सांगतो — हा धडा कुणाकडून ऐकला, ती बाई कशी शिव्या द्यायची. पूर्वी मला झोप यायची. आता काही काही शब्द ओळखीचे लागतात. पाणी. लाकूड. उद्या. तो तिचा-भाऊ-त्याची-बहीणवाला शब्द.

म्हणाला, "सगळे कुत्रे उभे केलेस तर!"

"हो आजोबा."

"आता ते भुंकतात."

शुक्रवार, २९ एप्रिल

वर्गात उघडले. पोरांनी वाचलं. दात पडलेला तो पोरगा जरा नाराज दिसला, त्याला डबेच आवडले होते.

घरी येऊन लाकडाचं वाक्य मोठ्या अक्षरांत पुन्हा शेल्बीला पाठवलं. जाऊ दे, म्हटलं, होऊन होऊन काय होणार.

उत्तर: "फोडलेलं, की नुसतं तोडलेलं?"

!!!

होमरकडं धावत गेलो. तो पायरीवर बसून घेवड्याची भाकरी खात होता. म्हटलं, काय उत्तर देऊ? तो म्हणाला, "आता तुझं तू बघ. मी विवाहित आहे."

मंगळवार, ३ मे

शेल्बी कचेरीत आली. खडू नेला नाही. टेबलाच्या कडेवर बसली — हो, माझ्या टेबलाच्या! म्हणाली, "त्या दिवशी तू पळून जाशील असं वाटलं होतं मला."

"कडी धरली होती."

"पाहिलं मी." थोडा वेळ माझ्या कीबोर्डवरच्या कळा उगाच दाबत राहिली. मग माझ्याकडं न बघता, "वेलन, आईला फोन केलास का?"

"नाही."

"कर ना." मग उठली. दारात वळली. "मला उत्तर हवंय रे! लांडगा म्हण, हरीण म्हण, काहीही चालेल. मला ओढ्यावर यायचंय."

ती गेली. मी स्क्रीनकडं बघत बसलो. तिनं दाबलेल्या कळांनी एक निरर्थक ओळ टाइप झाली होती. पुसली नाही अजून.

रविवार, ८ मे

मातृदिन. निमित्त तरी मिळालं.

फोन उचलला तिनं. पहिला प्रश्न, "पदवी घेतलीस?"

"नाही."

"मग?"

"शुभेच्छा द्यायला."

"खोटारड्या."

"कूळ विचारायला."

मला वाटलं ठेवला फोन. मग नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "कोण आहे ती?" आया कशा असतात! मी सांगितलं — शाळा, मैदान, मला कसं पाडलं, डबे. ती हसत होती. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मला म्हणाली, जेवतोस का. मी म्हटलं, जेवतो. म्हणाली, अक्षरांचं काम खरंच आवडतं? म्हटलं, खरंच. म्हणाली, बरं. हा 'बरं' वेगळा होता.

आणि मग, जसं काही मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तसं: "आपण रानबटाटा. माझी आई, तिची आई, सगळ्या. तुला सांगितलं नव्हतं का कधी? लहानपणी 'बटाटा' म्हटलं की हसत सुटायचास म्हणून मी सोडून दिलं."

नंतर काय बोललो आठवत नाही. जेवतो म्हणालो असेन.

सोमवार, ९ मे

कुणाला कळणार आहे? आई टल्सात. ती इथं येत नाही. मी 'लांडगा' म्हटलं तर लांडगा. कुळाला काही नंबर नसतो, कुठल्या यंत्रात तपासून बघता येत नाही. शेल्बी माझ्यावर विश्वास ठेवेल. ठेवेल म्हणूनच तर —

होमरनं विचारलं, "कळलं का कूळ?" म्हटलं, "आई शोधतेय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. टॅबलेट जवळ नेला, लांब नेला, तसं. पुढचा धडा वाचायला घेतला.

त्या सोलणाऱ्या म्हाताऱ्यांची भीती नाही मला. ट्रेंट पाण्यातून उठून काय ओरडला होता, तेच सारखं आठवतं.

मंगळवार, १० मे

हे फालतू कूळ काढलं कुणी! त्याचे पाय धुऊन पाणी पिणार होतो ना मी? त्याच पाण्यात बुडवतो त्याला!

बुधवार, ११ मे

युक्ती सुचली. सांगायचं पण, आणि नाही पण.

आमच्या भाषेत मला स्वतःहून लिहिता येतो असा एकच शब्द आहे — ओढ्यावर शिकलेला. तोच टाइप केला. होमरची मदत नाही. पहिलं अक्षर मोठं, बाकी मुद्दाम लहान. पाठवला. आता कुणी विचारलंच तर मी सांगितलं होतं! तिचा फोन, तिचं नशीब.

लगेच उत्तर: "पुन्हा डबे! लॅपटॉपवाल्या, तू सुधारणार नाहीस. मोठ्यात पाठव ना. वाट बघतेय."

पुढं एक हसरा चेहरा.

गुरुवार, १२ मे

मोठ्यात पाठवला. एकही डबा नाही.

दुपारी उत्तर आलं. तोच शब्द.